नव्या रेकॉर्डवरचं हसणं

यांच्या हजीऱ्याच्या कारखान्यातून फोन आला तो शेजारच्या जयाबेनकडे. त्या आमच्या दारात आल्या. "भाभी… प्रभाकरभाई…" एवढंच बोलल्या. माझे यजमान कामावर असतानाच वारले. त्याला आता काही आठवडे झाले.

प्रभाकर मूळचे नंदुरबारचे, पण कॉलेज मुंबईला झालं, आणि तिथे त्यांना जॅझचं वेड लागलं. एका हॉटेलात ऐकलेल्या मैफलीची पुढे रेकॉर्ड निघाली. आमच्या संसारात ती माझ्याआधीची. वाजवून वाजवून नुसती खरखरायची. इथे आमच्या भेस्तानच्या वस्तीत सगळ्यांनी रेकॉर्ड प्लेयर भंगारात देऊन कॅसेट घेतल्या, तरी यांनी आपला ठेवला. मग कंपनीनं तीच रेकॉर्ड नव्यानं काढली आणि भाच्यानं ती परदेशातून आणली. लहान मुलासारखे हरखले होते. रविवारी सकाळी लावली. सॅक्सोफोन एका जागी थांबतो, तिथे एक बाई खळखळून हसली. जुन्या खरखरीत हे कधी ऐकू आलं नव्हतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"नलिनी. माझ्या शेजारी बसली होती." रेकॉर्डचं पाकीट हातात फिरवत म्हणाले, "लग्नाचा विचार होता आमचा… नाही जमलं."

किती सहज सांगितलं! त्यानंतर दर रविवारी ते डोळे मिटून ऐकायचे आणि नेमकी ती जागा आली की मला चटणीसाठी मिक्सर लावायची आठवण व्हायची. त्यांना कळत असणार.

परवा दुपारी नलिनीबाई भेटायला आल्या. केस पांढरे, चेहरा अजून देखणा. तेही मला सोसलं नाही. चहा घेता घेता त्यांनी बिचकत विचारलं, "वहिनी, ती रेकॉर्ड आहे का हो?" मी लावली. ती जागा आली, हसणं झालं, आणि त्यांनी हात वर केला. "आता ऐका. प्रभाकर मला दटावतोय."

हसण्याच्या पाठोपाठ अगदी हळू, पण स्वच्छ: "अगं, हळू!"

त्यांचाच आवाज. माझ्या घरात होता, आणि तोही मला हिनं दाखवावा…

नलिनीबाई गेल्या. आता जेवणं उरकली की मी दाराला कडी घालते आणि रेकॉर्ड लावते. त्यांचा एवढाच आवाज मागे राहिलाय, आणि तो ऐकायला आधी तिचं हसणं ऐकावं लागतं. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. जन्मभर 'अगं'च म्हणाले. तो शब्द माझा एकटीचा आहे असं मी धरून चालले होते.