मास्तरांनी मोकळी सोडलेली जागा

साल २००६. मी त्र्याहत्तर वर्षांचा, मास्तर एक्याऐंशीचे. मंगळवारी सकाळी त्यांच्या मुलीचा, रिवकाचा, फोन आला की बाबा पहाटे गेले, दफन उद्याच आहे. बेने इस्रायली माणसं, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, त्यांच्यात मयत ठेवत नाहीत. मी गेलो, तीन फावडी माती टाकली आणि बसने घरी आलो. रडलो नाही. त्याआधीचे सहा शनिवार मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो, त्यांनीही बोलावलं नव्हतं... हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल.

माझं शिक्षण चौथी. इंग्लंडात लेस्टरला आलो, होजिअरीत मशीनवर उभा राहिलो, तो तीस वर्षं उभाच होतो. बिन्यामिन मास्तर अलिबागकडचे. तिकडे शाळेत शिकवायचे, इथे पोस्टात पत्रं लावायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. आठशे वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एका विद्वानाने, पेशाने वैद्य, एक ग्रंथ लिहिला. भाषा अरबी, अक्षरं हिब्रू. लोकांनी तो हिब्रूत नेला, लॅटिनमध्ये नेला, पुढे इंग्रजीत आला. मास्तरांना तो मराठीत हवा होता. घरात मराठी वाचणारं कोणी उरलं नव्हतं, रिवकाला मोडकंतोडकं बोलता येतं तेवढंच. मग कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, आमच्या आया ज्या भाषेत देवाशी बोलल्या, तिच्यात हा ग्रंथ नाही, याची मला लाज वाटते.

शनिवारी दुपारी ते मला वाचून दाखवत. मला कळलं तर ते मराठी, नाही कळलं तर नाही, असा त्यांचा नियम. दारातच म्हणायचे, “या, शास्त्रीबुवा.” शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी त्यांना लिहायची बंदी. म्हणून मी जिथे अडायचो त्या ओळीवर ते लाल लोकरीचा एक तुकडा ठेवत. लोकर माझ्या होजिअरीतली. रविवारी शब्द बदलायचे आणि दोरा काढून टाकायचे. एकदा त्यांनी सांगितलं, की पहिल्या हिब्रू भाषांतरकाराने खुद्द लेखकाला पत्रं लिहून अडलेले शब्द विचारले होते. मग चष्मा पुसत म्हणाले, “त्याला विचारायला लेखक होता. मला तू आहेस.” हे चेष्टेत होतं का, ते मी विचारलं नाही.

भांडण झालं ते पहिल्या पानावरच्या एका शब्दावरून. ज्याला धर्म येतो आणि तर्कही येतो, आणि दोन्ही येतात म्हणूनच जो मधे अडकतो, त्याच्यासाठी तो ग्रंथ. त्या माणसाला मराठीत म्हणायचं काय? मास्तरांनी लिहिलं होतं, ‘संभ्रमित’. मी म्हटलं, असं कोणी कोणाला म्हणत नाही. मग मला मिल्टन कीन्स आठवलं. रिवका तिथे राहते. मास्तर त्या रस्त्याने शंभरदा गेलेले, तरी एका दुपारी आम्ही त्याच राउंडअबाउटला तिसऱ्यांदा आलो. मी म्हटलं होतं, मास्तर, चकवा लागला, आता चालवू नका, एका जागी गप्प बसा. गाडी बाजूला लावून आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, मग रस्ता सापडला. नवखा माणूस नुसता चुकतो. चकवा लागतो तो वाट पाठ असलेल्याला. म्हणून मी म्हटलं, लिहा, चकवा लागलेला.

“अरे, या माणसाने जन्मभर भुताखेतांवर काट मारली,” मास्तर म्हणाले. “त्याच्या पहिल्याच पानावर मी भूत बसवू?”

“मग चौथी पास माणसाला विचारता कशाला?”

“चौथीचं दर वेळी तूच काढतोस. मी कधी काढलं?”

ते खरं होतं, आणि तेच लागलं. फ्लास्कमधला चहा अर्धा टाकून मी उठलो. दोरा त्या ओळीवर तसाच राहिला. मला वाटलं, वडीलधारे आहेत, फोन तेच करतील. त्यांना वाटलं असेल, उठून गेला तो, त्यानेच यावं...

गेल्या शुक्रवारी दुपारी रिवका आली. कोट न काढताच म्हणाली, “काका, हा बाबांचा वही. शेवटच्या वीकमध्ये म्हणाले, फर्स्ट पेजवरचा जागा काकांचा आहे.” ती गेल्यावर मी वही उघडली. पानं चाळली. एकाही पानावर दोरा नव्हता, पहिलं सोडून. तिथे ‘संभ्रमित’ खोडलेलं होतं आणि पुढे जागा मोकळी. मास्तरांचं अक्षर कसं बसतं ते मला ठाऊक आहे. जागा एका शब्दाची नव्हती, दोन शब्दांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिलीला टोक काढलं, टेबल पुसलं, वही पुढे घेतली. मग लक्षात आलं, शनिवार आहे. लाल दोरा होता तिथे ठेवला, आणि वही मिटून गप्प बसलो.