हार घातलेला पांढरा पट्टा

मी चिमूर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. शिकवतो म्हणजे, गाईडमधली ठळक वाक्यं मुलांना अधोरेखित करायला लावतो. एवढ्या भांडवलावर गावात मी विद्वान आहे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचताना एखादा शब्द अडला की सगळ्या माना माझ्याकडे वळतात आणि मी डोळे मिटून घेतो. मागून कुणीतरी शेजारच्याला सांगतं, मास्तर विचार करून राह्यले. खरं म्हणजे वाचणारा पुढच्या वाक्यावर कधी जातो, याची मी वाट पाहत असतो.

मागच्या वर्षी विहाराच्या समितीनं ठरवलं की दसऱ्याच्या आधीच्या रविवारी एक व्याख्यान ठेवायचं, आणि ते बाहेरच्या पाहुण्यानं नाही, गावातल्याच माणसानं द्यायचं. गावातला माणूस म्हणजे मीच. बाकीचे सगळे कामाचे. विषय माझ्यावर सोपवला होता. ज्या देशाबद्दल आमच्या गावात कोणी एकही प्रश्न विचारू शकणार नाही, असा देश मी दोन दिवस शोधला. हैती सापडला.

पण वाचायला बसलो आणि माझीच पंचाईत झाली, कारण ती माणसं खरोखर मोठी निघाली. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांनी मालकांविरुद्ध उठाव केला आणि स्वतःचा देश उभा केला. त्यांचा एक सेनापती आधी मालकाची घोडागाडी हाकायचा. त्यानं युरोपातल्या फौजांना पाणी पाजलं, आणि शेवटी दग्यानं पकडला जाऊन दूरच्या थंड डोंगरातल्या किल्ल्यात मेला. तिथलाच म्हणून सांगितला जाणारा एक व्यापारी उत्तरेकडे गेला आणि एका मोठ्या तळ्याकाठी घर बांधून राहिला. आज त्या जागी अमेरिकेतलं एक टोलेजंग शहर आहे. एका गुलाम माणसाला मालकानं न्यूयॉर्कला नेलं. तिथं तो श्रीमंत बायकांची केशरचना करायला शिकला आणि त्या कमाईतून त्यानं स्वतःच्या आधी दुसऱ्यांना गुलामीतून सोडवलं. एक लोहार तेलाच्या जुन्या पिंपांचा पत्रा छिन्नीनं कापून त्यातून माणसं आणि पाखरं काढायचा. ती आता परदेशातल्या संग्रहालयांत टांगलेली आहेत. आमच्याकडे तेलाच्या पिंपात आम्ही तांदूळ ठेवतो.

या माणसांची नावं मी इथं देत नाही. त्या दिवशी मी ती ज्या पद्धतीनं उच्चारली, ती ऐकून तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याला नोकरी करून आलेल्या एका भाऊंना मी तेलुगू बोलतोय असं वाटलं. त्या थोर लोकांचा एकदा अपमान झाला तेवढा पुरे.

माझा हुकमी एक्का वेगळाच होता. सांगतात की उठावाच्या पुढाऱ्यानं राज्यकर्त्या फ्रेंचांचा निळा-पांढरा-लाल झेंडा घेतला, त्यातला मधला पांढरा पट्टा फाडून फेकला, आणि उरलेले निळा-लाल तुकडे एका बाईनं सुईदोऱ्यानं जोडले. झाला नवा झेंडा. हे वाचलं आणि मला माझ्या भाषणाचा शेवट मिळाला. ‘देश तलवारीनं जिंकता येतो, पण जोडावा सुईनंच लागतो.’ हे वाक्य मी न्हाणीत चार वेळा म्हणून पाहिलं. चौथ्या वेळी बायकोनं बाहेरून विचारलं की सुईचं कळलं, पण सदऱ्याचं बटन कोण लावणार आहे?

आता आमच्या गावच्या शिवणवाल्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचं घर विहाराच्या समोर, मधे फक्त रस्ता. ओसरीत मशीन. वीसेक वर्षं विहाराचा पंचरंगी झेंडा त्याच शिवतात. जुना झेंडा वर्षभराच्या ऊन-पावसानं फिकटलेला असतो. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या सकाळी, बाई पांढरं लुगडं नेसून, नव्या झेंड्याची घडी दोन्ही तळहातांवर घेऊन घरातून निघतात, रस्ता ओलांडतात आणि घडी अध्यक्षांच्या हातात देतात. तीस पावलं असतील. त्यांना कोणी फूल देत नाही, माईकवर त्यांचं नाव घेत नाही. पण त्यांनी रस्ता ओलांडल्याशिवाय कोणी खांबाकडे पाहतसुद्धा नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात वावधनाच्या वादळात त्या झेंड्याची एक शिवण उसवली आणि शेवटचा पट्टा महिनाभर लोंबत राहिला. समितीच्या बैठकीत विषय निघाला. बाईंचे डोळे आता साथ देत नाहीत, कोणीतरी म्हणालं. तेव्हा छापील झेंडा मागवावा असं जोरदार भाषण कोणी केलं असेल? ‘शिवलेला झेंडा ही भावना आहे, छापलेला झेंडा हे तंत्रज्ञान आहे.’ असलं वाक्य फक्त मास्तरच बोलू शकतो. ठराव मंजूर झाला. बाईंना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण अध्यक्षांच्या मते माझ्या जिभेवर साखर होती.

ती साखर घेऊन मी त्यांच्या ओसरीत तीनदा गेलो. पहिल्यांदा त्या पाच रंगांचं कापड बेतत होत्या, म्हणून माझी हिंमत झाली नाही, आणि काय काम काढलं असं त्यांनी विचारल्यावर मी पिशवीतली पॅन्ट पुढे केली. खालून थोडी आखूड करा, म्हणालो. दुसऱ्यांदा दुसरी पॅन्ट. तिसऱ्यांदा तिसरी. अशा तीन चांगल्या पॅन्टी मी घोट्यांच्या वर नेऊन ठेवल्या आणि ठरावाबद्दल चकार शब्द काढला नाही. शाळेत मुलं माझे मोजे पाहायला लागली.

व्याख्यानाचा बॅनर वरोऱ्याहून छापून आणायचा होता. फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितलं की वर हैती लिही आणि खाली मोठा झेंडा टाक, फ्रान्सच्या झेंड्यावरून बनलेला. त्यानं मोबाइलवर नमुना पाठवला. मला बारीक काही दिसत नाही, पण चष्मा लावला की मी म्हातारा दिसतो असं माझं ठाम मत आहे. तेव्हा चष्म्याशिवाय डोळे बारीक करून पाहिलं. निळं दिसलं, लाल दिसलं. अंगठा पाठवून दिला.

रविवारी विहार भरला होता. सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मी आखूड पॅन्टमध्ये. वंदना झाली, नेहमीच्या प्रतिमांना हार घालून झाले. अध्यक्षांच्या हातात एक हार उरला. पाहुण्या देशालाही मान दिला पाहिजे, असं म्हणून त्यांनी तो बॅनरवरच्या झेंड्याला घातला. टाळ्या पडल्या. मी लोकांकडे तोंड करूनच हात जोडले.

बोललो मात्र बरा. घोडागाडीवाला सेनापती सांगितला तेव्हा दोन ऑटोवाले ताठ बसले. पिंपांचा लोहार सांगितला. मग पांढरा पट्टा फाडायचा प्रसंग आला आणि मला उमगलं की समोर बसलेल्या साऱ्या गावानं पांढरंच घातलं आहे. एका भाऊंनी बसल्या जागेवरून विचारलं, पांढऱ्यानं त्याईचं काय बिघडवलं होतं. आपला पांढरा निराळा आणि तिथल्या मालकांचा पांढरा निराळा, असं काहीतरी सांगून मी घाईनं सुईवर आलो. न्हाणीतलं वाक्य टाकलं. दुसऱ्या रांगेतल्या शिवणवाल्या बाईंकडे मी पाहिलं नाही.

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे कोणाला काही विचारायचं का असं म्हटलं. रीतीप्रमाणे कोणी विचारत नसतं. बाई उठून उभ्या राहिल्या.

“मास्तर, पांढरा पट्टा त्यायनं फाडून फेकला म्हणता. मंग तुमच्या ह्या झेंड्यात थो काऊन आहे?”

मी वळून पाहिलं. एवढा मोठा झेंडा चष्म्याशिवायही दिसतो. निळा, पांढरा, लाल. हार नेमका पांढऱ्यावर रुळत होता.

छपाईची चूक झाली, मी म्हणालो.

“मंग हार कोणाले घातला?”

“मालकाले,” मागून कोणीतरी उत्तर दिलं, आणि ज्या विहारात वर्षावासभर कोणी खोकत नाही तिथं बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अध्यक्षांनी पुढे होऊन हार काढला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून माझ्या हातात दिला.

बाई अजून उभ्याच होत्या.

“आणि थे शिवणारी बाई. पुढच्या साली झेंडा तिनंच शिवला का?”

माहीत नाही, मी म्हणालो. पुस्तकात तिच्याबद्दल पुढं काही नाही.

“नसनच,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. समितीचे सातही सदस्य एकाच वेळी सतरंजीची वीण पाहायला लागले.

चहा झाल्यावर मी रस्ता ओलांडून त्यांच्या ओसरीत गेलो. हातात हार होताच. त्या मशीनवर बसल्या होत्या, कापलेले पाच रंग बाजूला घडी करून ठेवलेले.

“बसा. आज पॅन्ट नाई आणली?” त्या म्हणाल्या. “समितीतल्या बाया पोलकं माह्याकडेच शिवतेत, मास्तर. ठराव मले त्याच रात्री समजला. तुम्ही कवा सांगता म्हणून पाहून राह्यली होती. एक पॅन्ट अजून आणली असती तर तुमची चड्डीच झाली असती.”

मी मान खाली घालून सगळं सांगितलं, माझ्या भाषणासकट. भावना आणि तंत्रज्ञानाचं वाक्य मी गाळणार होतो, पण तेही त्यांना पाठ होतं. छापील झेंड्याचं पार्सल माझ्याच घरी येऊन पडलं होतं. त्यांनी ते आणायला लावलं. कापड बोटांत धरून पाहिलं, उजेडाकडे नेलं. त्यात एखादी चूक निघावी म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. निघाली नाही.

“रंग चांगले आहेत,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी झेंड्याची घडी करून बाजूला ठेवली. “डोळ्याचं खरं आहे. शिवण अजून सरळ जाते माही, हाताले सवय आहे. सुई ओवता येत नाई. मागच्या साली शेवटची शिवण एकेरीच राह्यली, दोरा निघाला थो पुन्हा ओवलाच गेला नाई. कोणाले सांगू?”

वीस वर्षांची शिवण सुईच्या नेढ्यात अडली होती आणि त्यावर मी आणि समितीनं मिळून ठराव केला होता.

समितीपुढे मी पुन्हा भाषण केलं, या वेळी उलट बाजूनं. अध्यक्षांनी शांतपणे आठवण करून दिली की मास्तर, महिन्यामागं तंत्रज्ञान तुम्हीच आणलं होतं. एकानं सुचवलं की मास्तरांना आता बोलू देऊ नये, दोन्ही बाजू त्यांच्याच होतात. दीड तास माझी यथेच्छ धुलाई झाल्यावर ठरलं ते असं: खांबावर बाईंचाच झेंडा चढेल, छापील झेंडा मास्तर आपल्या घरावर लावतील, आणि सुई मास्तर ओवतील.

दसऱ्यापर्यंत शाळा सुटली की मी बाईंच्या ओसरीत. पाच रंग, पाच रिळं, प्रत्येक शिवण दुहेरी. दोरा बदलायचा झाला की त्या बाजूला सरकायच्या, मी मशीनच्या सुईत दोरा ओवून द्यायचो. पहिल्या दिवशी अकरा वेळा दोरा चुकला. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहायचे. तो बॅनर बाईंनी मागून घेतला. मधला पांढरा पट्टा कात्रीनं काढून त्याचं पिठाच्या डब्याखाली आसन केलं, आणि निळ्या-लाल तुकड्यांना दोन टाके घालून पावसाळ्याच्या सरपणावर पांघरूण केलं. म्हणजे हैतीचा खरा झेंडा आमच्या गावात झाला, फक्त सरपणावर.

धम्मचक्र प्रवर्तनाच्या सकाळी बाई पांढरं लुगडं नेसून निघाल्या, तीस पावलं चालल्या आणि घडी अध्यक्षांच्या हातात दिली. या वेळी त्यांचं नाव माईकवर घ्यावं अशी सूचना मी केली होती. बाईंनीच ती फेटाळली. मास्तर नाव घेतील तर चुकीचं घेतील, म्हणाल्या. झेंडा वर गेला, वाऱ्यानं फुलला. सगळे मान वर करून पाहत होते. शेजारी उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या,

“पांढऱ्याच्या शिवणीत निळा दोरा देल्ला तुम्ही.”

मी डोळे बारीक केले. मला दिसत नव्हता. तुम्हाला तरी कसा दिसला, विचारलं.

“लांबचं दिसते मले.”

खाली उतरवून उसवायचा का, मी म्हणालो.

“वर गेला आता, राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पुढच्या साली चष्मा लावून या.”