ताईशिवायची बचावफळी

इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या टेबलापाशी एक बाई उभी असायची. अंगाने आडवी, बोलण्यात तुटक. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. सख्ख्या भाच्यांनी मात्र तिला मावशी म्हणून हाक मारल्याला बरीच वर्षं झाली होती. ते आपल्या आईबरोबर, म्हणजे मावशीच्या ताईबरोबर, लांबच्या शहरात राहायला गेले ते गेलेच.

तरुणपणी या दोघी बहिणी फुटबॉल खेळत. दोघीही बचावात, मधोमध, खांद्याला खांदा लावून. लोक त्यांना थोरली भिंत आणि धाकटी भिंत म्हणायचे. त्यांची युक्ती एकच होती. समोरच्या संघाचा पास सुटायच्या ऐन क्षणाला दोघींनी एकदम पुढे सरकायचं. पाठीमागे राहिलेली समोरची पोर मग ऑफसाइड ठरायची, शिट्टी वाजायची आणि ती बिचारी हात झाडत परत फिरायची. दोघी एका रेघेत असल्या तरच हे जमतं. एक जरी मागे रेंगाळली तरी गोल बसलाच म्हणून समजा. या बहिणींना एकमेकींना हाक मारायचीही गरज पडत नसे.

मग ताईचं लग्न झालं. मावशीचं जमलं नाही, की तिने जमू दिलं नाही, कोण जाणे. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची. आई-वडील गेल्यावर खोलीत ती एकटीच उरली. भाजी एकदा केली की दोन दिवस पुरायची. रविवारी ताईचा फोन यायचा, पण ताईच्या कडेवर नातू असायचा आणि बोलणं रंगायच्या आतच, "ठेवते गं, हा पडेल" म्हणून संपायचं.

अशात इस्पितळातल्या बायकांनी फुटबॉलचा संघ काढला आणि शिकवायला मावशीला बोलावलं. मावशीने त्या दिवशी चादरी घडी करताना दोनदा चुकीच्या गठ्ठ्यात टाकल्या. आपल्याला कुणी काही विचारावं, ही गोष्टच ती विसरून गेली होती.

बचावाला तिने प्रसूतिगृहातली दाई, स्वयंपाकघरातली उंच बाई आणि एक्स-रे काढणारी मुलगी अशा तिघी निवडल्या. शिकवलं काय, तर तीच रेघ. मैदानाच्या कडेला उभी राहून ती घसा फोडून ओरडायची, "वर! वर चला!" पण तिघींच्या पाळ्या वेगळ्या. सरावाला एक असली की दुसरी कामावर. पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले. प्रत्येक वेळी दोघी पुढे सरकलेल्या आणि दाई अर्धं पाऊल मागे.

सामना संपल्यावर मावशीने सगळ्यांदेखत तिला झापलं. "पाय उचलायला काय होतं तुला? रेघ म्हणजे रेघ! आम्ही दोघी खेळायचो तेव्हा..."

दाई बुटाची नाडी सोडत होती. मान वर न करताच म्हणाली, "मावशी, माझे पाय जडच आहेत. पण कुणी अंगावर आलं तर मी हटत नाही. ते बघितलंत का कधी?" मग तिने वर पाहिलं. "तुम्ही आम्हाला खेळवताय की तुमच्या ताईला?"

मावशी पिशवी उचलून निघाली.

घरी गेल्यावर तिला जेवण जाईना. शेवटी रविवार नसतानाही तिने फोन लावला. ताई घाबरलीच. "काय गं? बरं नाही का?"

"बरी आहे. फुटबॉलचं विचारायचं होतं. आपली ती रेघ कशी काय जमायची?"

ताई हसायला लागली. "अगं, तू कायम उशिरा निघायचीस! निघायच्या आधी तुझा उजवा गुडघा जरा वाकायचा. मी पासकडे बघायचेच नाही, तुझ्या गुडघ्याकडे बघायचे. तू निघालीस की मी निघायचे."

"आणि पास त्याआधीच सुटला तर?"

"तर मागे पळायचे! म्हणून तर मेली एवढी दमायचे मी."

"मला बोलली नाहीस कधी."

"बोलून काय करायचं होतं? तू होतीस तशी होतीस. मी त्याप्रमाणे खेळले." पलीकडे पोर रडायला लागलं. "ठेवते गं."

मावशी फोन हातात धरून बसून राहिली. आपण दोघी एकसारख्या, म्हणून ते जमायचं, असं ती जन्मभर समजत आली होती. खरं तर ताई तिला सांभाळून घेत होती. आणि ते कळलं तेव्हा पलीकडे फोनही कुणी धरलेला नव्हता.

पुढच्या सरावाला ती ओरडली नाही. तिघींना बाजूला घेऊन म्हणाली, "खेळताना कशाची धास्ती वाटते, ते सांगा."

"मागे वळून पळायची," दाई लगेच म्हणाली.

"पायाशी आलेल्या चेंडूची," उंच बाई म्हणाली. "डोक्यावरून आला तर तो माझाच."

"मला नुसतं उभं राहायला सांगू नका, बास," एक्स-रेवाली म्हणाली.

मावशीने बराच वेळ विचार केला. मग दाईला तिने गोलच्या अगदी जवळ आणून उभं केलं, म्हणजे मागे पळायला जागाच नको. उंच बाईला तिच्या शेजारी ठेवलं, वरून येणाऱ्या चेंडूंसाठी. आणि एक्स-रेवालीला त्या दोघींच्या आजूबाजूला मोकळं सोडलं: जे निसटेल त्याच्यामागे धाव.

"आणि ऑफसाइडची रेघ?" उंच बाईने विचारलं.

"राहू दे ती," मावशी म्हणाली. आणि तिने चेंडू एक्स-रेवालीकडे ढकलला.

पुढचा सामना एका गोलने हरले. त्यानंतरचा बरोबरीत सुटला. मग एकदा चक्क जिंकले. त्या सामन्यात समोरची धिप्पाड पोर तीनदा दाईवर येऊन आदळली आणि तीनदा खाली बसली. दाई जागची हलली नाही. तिघी आता एकमेकींना हाका मारत होत्या, "माझा!", "तुझ्या मागे!", "जा, जा!" कडेला उभ्या असलेल्या मावशीला ओरडायला काही उरलंच नव्हतं.

"गप्प का हो मावशी?" बदली खेळाडूने विचारलं.

"काय बोलू? नीट चाललंय की." असं म्हणून ती बाकावर बसली.

जिंकल्यावर सगळ्या मिळून जेवायला निघाल्या. दाईने मुद्दाम मागे थांबून हाक मारली, "चला की मावशी! तुमच्यामुळे तर जिंकलो."

"तुम्ही व्हा पुढे. जर्सी भिजवून येते."

दाई क्षणभर घुटमळली, मग बाकीच्यांना गाठायला भरभर गेली. मावशी धुलाईघरात आली. सुट्टी होती, यंत्रं बंद होती. तिने एकेक जर्सी हाताने चोळून धुतली, वाळत घातली आणि त्या वाळेपर्यंत स्टुलावर बसून राहिली. दाईच्या जर्सीचा खांदा उसवला होता, तो शिवला. मग सगळ्यांना इस्त्री केली, बाह्यांसकट. सोमवारी केली असती तरी चाललं असतं.