तिसऱ्या हाकेची वाट

आमच्या घरात कुणी हाक मारली की लगेच ओ द्यायची पद्धत नव्हती. पहिली हाक सोडायची, दुसरीही सोडायची आणि तिसरीला ओ द्यायची. भुताला दोनदाच हाक मारता येते, तिसरी मारतो तो माणूसच असतो, हे आईचं शास्त्र. त्यामुळे आमच्याकडे तांब्याभर पाणी मागता मागता घसा आणखी कोरडा पडायचा. वडिलांची तिसरी हाक तर आळीच्या टोकापर्यंत ऐकू जायची आणि तिच्या मागून दोन-चार ठेवणीतले शब्दही यायचे.

आम्ही जुन्नरजवळचे, कालव्याकाठी शेती असलेले. आईचं माहेर मात्र आंबेगाव तालुक्यात पार पश्चिमेला, घोड नदीच्या काठावर. डिंभ्याचं धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. मामांनी पूर्वेकडे मिळालेल्या जमिनीवर नवी घरं बांधली. आई तिकडे जायची, पण धरणाच्या रस्त्याला ती पुन्हा कधी फिरकली नाही. गाव बुडालं तरी त्या वाटेवरची सगळी भुतं तिने जिवंत ठेवली होती. खिंडीतला चकवा, चिंचेवरची हडळ, डोहातल्या आसरा. आम्ही दोघी बहिणी त्यांच्याच गोष्टी ऐकत जेवलो आणि झोपलो.

ताई डी.एड. होऊन घरी बसली होती. दोन हजार सालानंतरचा तो कुठलासा मे महिना होता. तिला शिक्षणसेवकाची ऑर्डर आली आणि शाळा निघाली धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीत. ताई ऑर्डर हातात धरून उभ्या उभ्या रडली. आईही रडली, पण वेगळ्या कारणाने.

"त्या वाटंनं माझी पोरगी एकटी जायाची न्हाई," ती म्हणाली. "घरी बसली तरी चालंल."

चार दिवस हेच चाललं. ताईने ट्रंक भरून ठेवली होती, ती आईने रिकामी केली. ताईने पुन्हा भरली. शेवटी वडील म्हणाले, "चला, बघूनच यिऊ त्या सगळ्या जागा. दिसाउजेडी. एका जरी ठिकाणी तुला वंगाळ वाटलं, तर पोरगी जायाची न्हाई. झालं?"

आई "झालं" म्हणाली. मला वडिलांचा असा राग आला! मी तेव्हा बारावी सायन्सला होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. पोरीची नोकरी भुतांच्या हवाली करणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होते. ताईने मात्र ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

आमची जीप एरवी नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोचे कॅरेट वाहायची. तिचा हँडब्रेक गेलेला, म्हणून गाडी थांबली की कुणीतरी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं. आईने बजावलं, दगड घरूनच घे. असल्या जागचा दगड गाडीत घालायचा नसतो, त्याच्याबरोबर नको ते घरी येतं. तिच्या पिशवीत एका बाजूला लिंबं, हळदीकुंकू आणि दुसऱ्या बाजूला भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सहलही होती आणि बंदोबस्तही होता. निघताना तिने लेण्याद्रीच्या डोंगराकडे तोंड करून गणपतीला हात जोडले.

कालव्यावरच्या पिंपळाशी वडिलांनी मुद्दाम गाडी हळू केली. त्या पिंपळावर मुंजा आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"हा मोजायचा का?" त्यांनी विचारलं.

"ह्यो घरचा हाय," आई म्हणाली. "ह्याला काय भ्यायचं?"

हे तिचं उत्तर तेव्हा आम्हाला नुसतं विनोदी वाटलं.

घोडेगावच्या वाटेवर खिंड लागते. तिथला चकवा माणसाला गोल गोल फिरवतो असं आई सांगायची. नेमकं तिथे रस्त्याचं काम चालू होतं, खडीचे ढीग पडले होते आणि कच्च्या वाटा फुटल्या होत्या. वडिलांनी बेधडक गाडी घातली आणि थोड्या वेळाने आम्ही पुन्हा त्याच खडीच्या ढिगापाशी आलो. वडिलांनी दुसरी वाट धरली. पुन्हा तोच ढीग, त्यावर तोच माणूस बसून तंबाखू मळत होता. आईने लिंबू बाहेर काढलं. ताईचा चेहरा पडला. वडील जे हसत सुटले ते त्यांना गाडीच चालवता येईना. "पावणं, डाव्या हाताला," तो माणूस म्हणाला, "सकाळपासनं समदेच फिरत्यात." ताईने खाली उतरून त्याला पाणी दिलं. देवाला दिलं असतं तितक्या भक्तीने दिलं.

घोडेगावच्या अलीकडे ती चिंच. बाळंतपणात गेलेली एक बाई त्या चिंचेवर बसते आणि जाणाऱ्या बायांना हाका मारते, अशी कथा होती. आईने तोंडावर पदर ओढला आणि गाडी थांबूच दिली नाही. "बघितली मी, बघितली, चला," असं ती पदरातूनच म्हणाली. वडिलांनी आरशातून ताईकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. नोकरी इथेच गेली.

धरण मागे टाकून रस्ता पाण्याच्या कडेने वर चढायला लागला. खिडकीला डोकं टेकून आई खाली बघत राहिली. उन्हाळ्याने पाणी पार तळाला गेलं होतं आणि खाली करडा, भेगाळलेला गाळ पसरला होता. एका टपरीशी वडील चहाला थांबले. मी दगड लावला. टपरीवाला एक तरुण, बोलका माणूस होता. आम्ही भुतांच्या जागा बघत निघालोय हे वडिलांनी हसत सांगताच तो खुलला.

"मंग लई लांब जायाची गरज न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "ती खाली जुनी जोती दिसत्यात ना, ती जागा लई वंगाळ. पाणी आटलं की गाव वर येतं. भर दुपारच्याला बाया बोलल्यावानी आवाज येतो, कांडल्यावानी येतो. आमी कुणी जात न्हाई तिकडं. लागीर हाय तिथं."

आई बशीतून चहा पीत होती. तिने बशी खाली ठेवली.

"कंच्या जोत्यावर?"

"ते काय, वडाच्या खोडापल्याड, पयलंच."

"ते माझ्या बापाचं घर हाय," आई म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "ही माझी थोरली तिथं जन्मली. आन तू मला लागीर सांगतोस व्हय रं?"

तो बिचारा किटली धरून उभा राहिला. आई चप्पल टपरीशीच सोडून उताराला लागली. ताई आणि मी तिच्या मागे धावलो. वडील आले नाहीत. तिच्या माहेरी तिलाच पुढे जाऊ द्यावं असं त्यांना वाटलं असावं.

खाली घर असं काही नव्हतंच. जोत्याचे दगड, उंबऱ्याची जागा, आणि जमिनीत पुरलेलं एक उखळ. ते गाळाने भरलं होतं. आई खाली बसली आणि हाताने गाळ उपसायला लागली. तळ दिसेपर्यंत ती थांबली नाही. मग पदराला हात पुसून उंबऱ्याच्या जागेबाहेर जाऊन उभी राहिली, माहेरी आलेली बाई दारात उभी राहते तशी, आणि तिने हाक मारली.

"आये!"

एकदाच. आजीला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

"ती बी तिसऱ्या हाकंलाच ओ द्यायची," आई म्हणाली.

पण तिने दुसरी हाक मारली नाही. तिसरी तर नाहीच. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नसती तर तिच्याकडे काहीच उरलं नसतं. माझं सायन्स तिथे गाळात उभं होतं आणि मला फक्त रडू येत होतं.

निघताना तिने जोत्याचा एक दगड उचलला आणि कडेवर मूल घ्यावं तसा धरून वर आणला. जीपमध्ये ठेवायला लागली तेव्हा मला राहवलं नाही.

"आई, असल्या जागचा दगड गाडीत घालायचा नसतो ना?"

"असल्या म्हंजी कसल्या?" असं म्हणून तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकून जागा केली.

शाळेपर्यंत आम्ही गेलोच नाही. ताईनेही आठवण करून दिली नाही. ती आईचा चिखलाने भरलेला हात हातात घेऊन बसली होती. दुपार कलताना परत ती चिंच आली. वडिलांनी वेग वाढवला, तर आईनेच त्यांच्या खांद्याला हात लावला.

"थांबवा जरा."

मी चाकाला दगड लावला, घरचाच. आई एकटी झाडापाशी गेली. आम्ही न खाल्लेल्या भाकऱ्यांतली एक भाकरी चटणीसकट तिने बुंध्याशी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं आणि वर फांद्यांकडे बघत राहिली.

"कुणाची तरी लेक असंल," गाडीत बसताना ती म्हणाली. "हिचं म्हायेर कुठलं, कुणी इचारलं बी नसंल."

गाडी सुरू झाली. खिंड मागे पडली. मग आई ताईकडे वळली.

"जा तू. हजर व्हय शाळंवर. आन हे बघ, तिकडं कुणी हाक मारली, तर तिसरीची वाट बघू नगंस. पयल्याच हाकंला ओ दे. आपलंच मानूस असंल."

ताईने कनवटीची किल्ली काढून आईच्या हातात दिली, आणि घरी गेल्यावर ट्रंक आईनेच उघडून पुन्हा नीट लावून दिली.

ताई त्या वाडीत बरीच वर्षं राहिली. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती आईला निरोप धाडायची आणि आई एस.टी.ने उखळ उपसायला जायची. टपरीवाला तिच्याकडून चहाचे पैसे घ्यायचा नाही आणि तिला आत्या म्हणायचा. जोत्याचा तो दगड आज ताईच्या घरी आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती तो दाराला लावते.

आई गेली त्यालाही आता बराच काळ लोटला. परवा दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते, तर पुढच्या दारातून कुणीतरी मला हाक मारली, थेट आईच्या चालीवर. शेजारीण होती, विरजण मागायला आलेली. हातातलं पातळ दोरीवर तसंच टाकून मी धावले, आणि तिने दुसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत मी ओ दिली होती.