‘बाहेरचा असून’

आधी मावशींचं सांगतो, मग माझं. शहापूरला हायवेलगतच्या खानावळीत त्या पोळ्या करतात. मूळच्या पवनीच्या. मी आज भाजीच्या भट्टीपाशी उभा आहे, तो त्यांच्यामुळे.

नववीत शाळा सुटली आणि सांगलीकडून एवढ्या लांब भांडी घासायला आलो. बोटांना चिरा पडल्या होत्या. भाजी करणारा माणूस काम सोडून गेला तेव्हा वाटलं, ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर हे हात घेऊन गावी परत जावं लागणार. भीत भीत मालकांना विचारलं.

"काम चांगलं आहे तुझं," ते म्हणाले, "पण तिकडचे लोक टिकत नाहीत."

मलाही ते खरंच वाटलं. वाद घालायचं त्राण नव्हतं. मावशी लाटता लाटता म्हणाल्या, "कोण कोण गेले जी, भाऊ?"

"तो नाही का, नांदेडचा."

"अन् दुसरा?"

मालक आठवत राहिले. दुसरा कोणी नव्हताच. शिवाय नांदेड कुठं, सांगली कुठं.

"पवनीचे तर तिघं सोडून गेले. मंग पवनीवाले टिकत नाहीत, असं काहून नाही म्हणत? मले तर आता भेव वाटून राहिलं."

मालक हसले. भाजी माझ्याकडे आली.

पुढे एकदा गिऱ्हाइकासमोर त्यांनी माझी तारीफ केली, "बाहेरचा असून चांगला टिकला." मी खूश. मावशी हळूच म्हणाल्या, "त्यातला ‘असून’ काढून बोलून पाय, बेटा. मले बी म्हणतात, त्यांच्यातली असून हाताले चव आहे. उमर गेली आयकण्यात."

तेव्हापासून कान शिणलेत. बसमध्ये, दुकानात, फोनवर आईच्या बोलण्यातसुद्धा ‘असून’ येतो. परवा माझ्याच तोंडून येता येता राहिला. मालकांना मी अजून काही बोललेलो नाही. जमेल की नाही, माहीत नाही.

मावशी सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं घेऊन मोरीजवळ बसून जेवतात. कधी माझी स्वतःची खानावळ झाली, तर पहिल्या पंगतीला त्यांना बसवीन आणि वाढायला मी असेन. होईल तेव्हा होईल, पण हे मी करणार.