जमुनावहिनीचे ऐंशी टक्के

आमच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जमुनावहिनी हट्टी म्हणून प्रसिद्ध आहे. मी शेजारीच राहतो, त्यामुळे सांगतो, ही प्रसिद्धी तिने स्वतःच्या मेहनतीने मिळवली आहे. गावातल्या बायकांची मासळी वर्षानुवर्षं हरेशच्या डिझेल टेम्पोतून जायची. हरेश निघणार त्याच्या मर्जीने, वर बायकांवरच ओरडणार. वहिनीने एक दिवस विजेवर चालणारा टेम्पो आणून त्याच्या टेम्पोशेजारी उभा केला आणि सांगितलं, यापुढे बायकांचं मावरं बाईच नेणार. सगळ्यांत जुन्या मासळीवाल्या रखमाआजीसकट सगळ्याजणी तिच्याकडे आल्या. हरेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला आनंद झाला, लपवत नाही.

वहिनीच्या रोज दोन खेपा. पहाटे आधी बर्फ, मग सानपाड्याचा बाजार, वाटेत सोसायट्यांतली गिऱ्हाइकं. आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, म्हणून घरी चार्जिंग नाही. परतताना बेलापूरच्या फास्ट चार्जरवर थांबायचं, मग दिवाळ्याला होड्या लागल्या की ताजी मासळी भरून कळंबोली गाठायची. तिथल्या ट्रकवाल्यांच्या खानावळींत दुपारचं कालवण चुलीवर चढलं की पुढे तुमच्या मासळीला कोणी विचारत नाही.

आणि वहिनी नेमकी उशिरा पोचायला लागली. चार्जिंग संपता संपत नव्हतं. रखमाआजीची भरलेली पाटी दुसऱ्यांदा परत आली तेव्हा आजी म्हणाली, "जमुना, तू आमची हायस, पन मावरं कोनासाठी थांबत नाय. ऐतवारी उशीर झाला तर सोमवारपास्न हरेश."

वहिनी तडक चार्जरवर गेली आणि तिथली मशीनं सांभाळणाऱ्या प्रितेशशी भांडली. "तुजं मशीन चोर हाय. फास्ट लिवलंय, आनि चालतंय गोगलगायीसारखं!"

प्रितेश रोजची भांडणं झेलून निब्बर झालेला. तो म्हणाला, "ताई, तुमी गाडी दामटून आनता. बॅटरी तापलेली असते, मग ती वीज कमी घेते. वर दुसरी मोटार लागलेल्या मशीनचीच दुसरी चार्जिंग गन घेता, म्हनजे वीज दोगांत वाटली जाते. आनि मशीन कितीबी मोठं असू दे, तुमचा टेम्पो त्याला झेपेल तेवडंच घेनार."

वहिनीने ऐकून घेतलं, हे मला अजून खरं वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सानपाड्याहून सावकाश येऊ लागली. टेम्पो सावलीत लावायची, आणि दोन्ही गन मोकळ्या असतील तेच मशीन पकडायची. एक सद्गृहस्थ शेजारची गन उचलायला आले, तर वहिनीने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते निमूट पलीकडच्या मशीनवर गेले. वेळ वाचला, पण पुरेसा नाही.

"आता एकच राहिलं," प्रितेश म्हणाला. "ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी घोट घोट पिते. शेवटच्या विसाला तुमचा निम्मा वेळ जातो. ऐंशीवर काढा."

"अर्धवट भरून निगायचं? आमच्यात नाय तसं करत!"

ती का भडकली ते प्रितेशला कळणं शक्य नव्हतं. कोळ्याची होडी टाकी काठोकाठ भरल्याशिवाय समुद्रात जात नाही. वहिनीचा नवरा गोवर्धन एकदा घाईत अपुऱ्या डिझेलवर गेला आणि इंजिन बंद पडून भरकटला. तो सापडेपर्यंत वहिनी धक्क्यावरून हलली नव्हती, घोटभर पाणी प्यायली नव्हती. तेव्हापासून घरातून कोणीही निघालं, तिचा टेम्पो निघाला तरी, गोवर्धन एकच विचारतो, "काठोकाठ?"

रविवारी रखमाआजी स्वतः टेम्पोत बसून सानपाड्याला गेली होती. येताना दोघी चार्जरवर थांबल्या. आकडा ऐंशीवर आला आणि वहिनी उठली.

"अजून भरली नाय गो," आजी म्हणाली.

"आजी, आपल्याला खोल समुद्रात नाय जायाचं, कळंबोलीला जायाचंय." आणि तिने गन उपसली. हे आजीने मागाहून सगळ्या गावाला सांगितलं.

दिवाळ्याच्या धक्क्यावर मी हजर होतो. गोवर्धन पाट्या चढवायला पुढे आला. "काठोकाठ?"

"नाय. ऐंशी."

त्याचा हात पाटीवरच थांबला. मला वाटलं, आता इथेच बसणार हा. तो वहिनीकडे बघत राहिला, मग खाली वाकून त्याने पाटी उचलली आणि टेम्पोत ठेवली. त्यानंतर टेम्पो गेला त्या रस्त्याकडे तोंड करून तो उन्हात उभा राहिला. मी चहाला बोलावलं तरी आला नाही.

कळंबोलीत खानावळवाले अजून कांदे चिरत होते. सगळ्या पाट्या रिकाम्या झाल्या. परतल्यावर गोवर्धनने आधी वाकून टेम्पोतला आकडा बघितला. निम्म्याच्या वर बॅटरी शिल्लक होती. मग तो रिकाम्या पाट्या उतरवायला लागला.

सोमवारी हरेशचा टेम्पो रिकामाच उभा होता. वहिनी चार्जरवरून आली, बायका पाट्या घेऊन धावल्या. गोवर्धन नेहमीसारखा पुढे आला. जरा घुटमळला, आणि म्हणाला,

"ऐंशी झाली ना?"