दोन बोटांची जागा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर माफ करा. मी चौथीपर्यंतच शिकले. पण आमच्या गल्लीतल्या सुईणबाईंबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

बोलताना त्या उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या गळ्याशी नेत. बाळाच्या मानेला नाळ गुंडाळलेली असली की त्याच बोटांनी अलगद सैल करत. म्हणायच्या, "दोन बोटांची जागा मिळाली की जीव वाचतोय बघ."

असाच त्यांनी सोडवलेला एक पोरगा मोठा झाला, बांधाच्या भांडणात चुलतभावाला मारून बसला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. बाई दयेचा अर्ज घेऊन दारोदार फिरू लागल्या.

शेजारचे आप्पा ओरडले, "खुन्याची बाजू घेताय व्हय, बाई?"

"त्यानं मारलं, ते वाईटच केलं. आता आपन सगळ्यांनी मिळून त्येला मारायचं, ते कुनासाठी वो आप्पा?"

आप्पांनी दार लावून घेतलं.

बाईंना हे काम शिकवणारी मिशन दवाखान्यातली मडम तेव्हा मायदेशी परतली होती. तिकडेही फाशी बंद करा म्हणून ती सह्या गोळा करत होती. मोडक्या मराठीत पत्र येई, 'इथे पण लोक दार लावतात. तू थांबू नको.' या पोरासाठी तिनं तिकडच्या बायकांच्या सह्यांचा कागद पाठवला. त्या बायकांनी कोल्हापूर नकाशात तरी पाहिलं असेल का?

आमच्या गल्लीची नावं मी लिहिली. बायका स्वतःचं नाव सांगत आणि अंगठा उठवत. नवऱ्याचं नाव कोण घेणार? विचारायची मलाच लाज वाटली. मी नुसतं हौसाबाई, गंगूबाई लिहीत गेले.

दोन्ही कागद कचेरीत गेले. आठ दिवसांनी आमचा परत आला. "बायकांची पूर्ण नावं पायजेत," कारकून म्हणाला. मडमेच्या कागदावर तरी कुणाच्या नवऱ्याचं नाव होतं? तो त्यानं ठेवून घेतला! आजही आठवलं की अंगाची आग होते. परक्या बाईचं नाव तेवढं पुरं, आणि आमचं अर्धं?

बाईंनी सगळ्यांना नळाजवळ बसवलं. "उखान्यात घ्या, पन घ्या. पोराच्या गळ्याला दोर हाय."

बायका पदर तोंडाला लावून उखाणे घेऊ लागल्या. लग्नघरासारखं हसू, आणि मी दयेच्या अर्जावर बापू, दादू, तुकाराम लिहितेय. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

दिल्लीला तारही करायची ठरली. प्रत्येकीनं आणा-दोन आणे दिले. मी हळदीच्या डब्यातली पावली दिली.

दुसऱ्या दिवशी बाई निघाल्या, तोच पोराचा बाप दारात आला. टोपी हातात होती.

"ऱ्हाऊ द्या, बाई. काल पहाटं झालं."

बाईंची दोन बोटं गळ्याशी गेली आणि तिथंच राहिली.

ते आठ दिवस कारकुनानं घालवले म्हणून मी त्याला अजून शिव्या देते. माझ्या लाजेनंही घालवले, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी बाई पैसे परत करायला निघाल्या. मी म्हटलं, "ठेवा की, बाई."

"तारंचे हुते. तार गेली न्हाय."

पावली तळहातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटवली आणि पुढच्या दाराशी गेल्या. दिवेलागणीपर्यंत सगळ्यांचा आणा न् आणा परत झाला होता.